हिशेब मोठ्याने वाचताना

बचत गटाच्या मासिक बैठकीत एक गोष्ट कधी चुकत नाही. वही उघडली जाते आणि हिशेब सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला जातो. कुणी किती बचत भरली, कुणाकडे किती कर्ज आहे, कुणाचा हप्ता थकला. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि हिशेबलेखन ही पंचसूत्री गावोगावच्या बायकांना तोंडपाठ आहे. १९९२ साली नाबार्डने असे गट बँकांशी जोडण्याचा पथदर्शी प्रयोग सुरू केला, तेव्हा बँकांनी तारण म्हणून जमीन किंवा दागिने मागितले नाहीत. त्यांनी भरवसा ठेवला तो या वहीवर आणि ती ऐकणाऱ्या बायकांवर.

शहरातल्या पगारदार वर्गाने या चळवळीकडे गरिबांसाठीची योजना म्हणूनच पाहिलं. माझं म्हणणं असं आहे की पैशाबाबतची जी मोकळीक त्या बायकांनी कमावली, ती या वर्गाकडे नाही आणि त्याची किंमत तो दर महिन्याला मोजतो आहे. आपल्याकडे पगार आहे, गृहकर्ज आहे, विम्याच्या चार पॉलिसी आहेत. हे कागद कुणासमोर वाचण्याची जागा मात्र नाही. मित्रांशी आपण आजारपण बोलतो, मुलांच्या काळज्या बोलतो, घरातली भांडणंसुद्धा बोलतो. पगार किती आणि कर्ज किती, हे विचारणं मात्र असभ्य ठरतं.

या सभ्यतेचा फायदा विकणाऱ्याला होतो. तो एकच कागद रोज वेगवेगळ्या गिऱ्हाइकांपुढे ठेवत असतो. घेणारा तसा कागद आयुष्यात दोन-तीनदा पाहतो आणि तोही एकटाच. शिवाय आपल्याकडे विकणारा बऱ्याचदा परका नसतो. तो चुलतभाऊ असतो, शेजारचे काका असतात, शाळेतला बाकावरचा मित्र असतो. त्याला तोंडावर नाही म्हणणं जड जातं. अशा वेळी ‘आमच्यात दाखवून मग सांगतो’ एवढं म्हणता येणं ही मोठी सोय आहे. विमा नियामकाच्या नियमानुसार आता पॉलिसी हाती आल्यापासून तीस दिवसांच्या आत ती परत करता येते. एकटा माणूस हे तीस दिवस फाइलमध्ये ठेवून घालवतो. गट असेल तर याच तीस दिवसांत एक बैठक येते.

आम्ही काही मित्र महिन्यातल्या एका रविवारी असे बसतो. नियम एकच ठेवला आहे. पैसे कुठे गुंतवावेत हा विषय काढायचा नाही. प्रत्येक वेळी एकाने आपण सही करून बसलेला एक कागद आणायचा, नाव आणि खातेक्रमांक झाकायचा, आणि सगळ्यांनी तो पहिल्या ओळीपासून वाचायचा.

एका बैठकीत बचतीच्या पॉलिसीचा कागद आला. वर्षाला ५०,००० रुपये, वीस वर्षं; शेवटी साधारण १७ लाख. दहा लाखांचे सतरा लाख, म्हणजे पैसे जवळजवळ पावणेदोन पट, असं सगळ्यांना वाटलं. मग एक्सेलच्या पानावर दर वर्षाचा हप्ता आणि शेवटची रक्कम मांडली. परतावा निघाला वर्षाला पाच टक्क्यांहूनही थोडा कमी. तेच हप्ते तितकीच वर्षं पीपीएफमध्ये गेले असते आणि सध्याचा ७.१ टक्के दर टिकला असता, तर हाती २२ लाखांच्या आसपास आले असते. पॉलिसीत विम्याचं संरक्षण आहे आणि त्यालाही मोल आहे, हे खरंच. म्हणून पुढच्या वेळी आम्ही तेवढ्याच रकमेच्या निव्वळ मुदत विम्याचा हप्ता किती पडतो ते काढलं. फरक तरीही उरला.

दुसरा कागद कर्जाचा. ‘महिना एक टक्का’ असं सांगून दिलेलं, तीन वर्षांचं, एक लाखाचं. व्याज शेवटपर्यंत पूर्ण लाखावरच मोजलेलं, म्हणजे ३६,००० रुपये आणि हप्ता ३,७७८. पण मुद्दल तर दर महिन्याला कमी होत जाते. त्या हिशेबाने खरा दर वर्षाला एकवीस टक्क्यांच्या पुढे जातो. ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने किरकोळ कर्जांसाठी मुख्य तथ्यांचं एक पत्रक देणं बंधनकारक केलं आहे. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहावा लागतो. ते पत्रक वाचायला कुणी बसत नाही, ही अडचण नियामकाला सोडवता येणारी नाही. ती मित्रांना सोडवता येते.

एकत्र बसलं की शहाणपण आपोआप येतं, असं मात्र नाही. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात बिअर्ड्सटाउन नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या बायकांनी १९८३ साली गुंतवणुकीचा क्लब काढला. दरमहा वर्गणी, चर्चा, शेअर्सचा अभ्यास. १९९४ साली त्यांचं पुस्तक आलं. दहा वर्षांत वर्षाला सरासरी २३.४ टक्के परतावा मिळवला, असा त्यांचा दावा होता आणि त्यावर पुस्तक प्रचंड खपलं. १९९८ साली शिकागोतल्या एका मासिकाने त्या आकड्यावर बोट ठेवलं. हिशेबतपासनिसांनी पुन्हा मोजलं तेव्हा खरा परतावा ९.१ टक्के निघाला, म्हणजे त्याच काळातल्या शेअर बाजाराच्या सरासरीहूनही कमी. दरमहा भरलेली आपलीच वर्गणी वाढीत धरली गेली होती.

कुणी लबाडी केली नव्हती. त्यांची मैत्री खरी होती, अभ्यासही खरा होता. पण आकडा सुखावणारा होता, आणि सुखावणारा आकडा तपासून पाहावा असं मैत्रीत कुणालाच वाटलं नसावं. आपल्या भिशीतही हा धोका असतो. लागलेली भिशी हातात पडली की मोठी रक्कम मिळाल्यासारखं वाटतं, पण त्यातले आपलेच हप्ते किती हे कोण मोजतं? म्हणून गटात एक तरी माणूस असा हवा की जो दर वेळी विचारील, हा आकडा आला कुठून?

याहून मोठा धोका टिप्सचा आहे. मित्रांचे फोनवरचे गट बघता बघता शेअर्सच्या टिप्स देऊ लागतात. एकाला फायदा झाला की तो सांगतो, तोटा झालेला गप्प राहतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की सगळेच कमावताहेत. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार आधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्यूचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले; एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. तोटा मोठ्याने सांगायची सवय मित्रांमध्ये असती, तर यातले कितीतरी जण आधीच थांबले असते, असं मला मनापासून वाटतं. आमच्यात पैसे एकत्र करत नाहीत ते याच कारणाने. पैसा एका ठिकाणी आला की खरं बोलणं महाग पडू लागतं.

माझा आग्रह आणखी एका गोष्टीसाठी आहे. या बैठकांत नवरा-बायको दोघांनी बसावं. आज बसतात ते बहुतेक पुरुष आणि घरातले कागद कुठे आहेत हेही बायकोला ठाऊक नसतं. ‘तिचं नाव नॉमिनी म्हणून लावलंय’ एवढ्यावर निश्चिंत असतात. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सच्या बाबतीत स्पष्ट केलं आहे की नॉमिनी हा मालक होत नाही. मालकी मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्यानेच ठरते. म्हणून पुढचा कागद मृत्युपत्राचा घ्यावा असं मी सुचवलं. काहींनी नको म्हटलं. अभद्र वाटतं, भावाबहिणींचे विषय निघतात, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, साध्या कागदावर चालतं. कायद्याला हवी असते करणाऱ्याची सही आणि त्याने ती केल्याचे दोन साक्षीदार. ते दोघे त्याच खोलीत, त्याच टेबलाभोवती बसलेले असतात.