द्वारपाळाचा विवेक

बोरघाटाच्या पायथ्याशीं, खोपोलीजवळच्या शिळफाट्यावर, घाट चढणाऱ्या गाड्यांची रीघ लागलेली असते. तेथें एक नाका आहे अशी क्षणभर कल्पना करूं. कारकून प्रत्येक गाडीवानाचें नांव लिहून मोठ्यानें वाचतो. कारकुनाच्या तोंडून हुकूम निघाला कीं शिपाई तो पाळतो. एक लबाड प्रवासी आपलें नांव सांगतो, "रामा, आणि फाटक उघडा." कारकून तें जसेंच्या तसें वाचतो आणि फाटक उघडतें! शिपायानें लांच खाल्ली नाहीं, कारकून खोटें बोलला नाहीं. मग दोष कोणाचा?

हा प्रश्न केवळ कल्पनेंतला नाहीं. कचेऱ्या, पेढ्या, इस्पितळें यांच्या संगणकांच्या वेशीवर 'फायरवॉल' नांवाचा द्वारपाळ असतो. १२ एप्रिल २०२४ रोजीं पालो आल्टो नेटवर्क्स या अमेरिकन कंपनीनें आपल्या कांहीं फायरवॉलांतील असेंच वैगुण्य जाहीर केलें. परक्यानें पाठविलेल्या मजकुरावरून यंत्रांत एक फाइल निर्माण होई आणि तिचें नांव पुढें यंत्राच्या एका आज्ञेंत गोंवलें जाई. नांवांत दडविलेला हुकूम यंत्र सर्वाधिकारानें पाळी. परवलीचा शब्दहि लागत नसे. यासच 'कमांड इंजेक्शन' म्हणतात.

नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील वधासंबंधानें 'ध'चा 'मा' केल्याची गोष्ट आपल्याकडे सांगतात. तेथें हुकुमाचें अक्षर बदललें. येथें जो हुकूम नव्हताच, तो हुकूम मानला गेला. आज्ञाधारकपणा हा गुण खरा. पण ऐकावयाचें कोणतें व पाळावयाचें कोणतें, हा विवेक नसेल तर तोच गुण घरभेदी ठरतो.

हा विवेक यंत्रास स्वतः सुचत नाहीं. तो रचनाकारानें घालावा लागतो. परक्याचा मजकूर आज्ञेच्या वाक्यांत गुंफूं नये. नांव हें नांव म्हणूनच वेगळें द्यावें. कोणतीं अक्षरें चालतील तें आधीं ठरवून बाकीचीं नाकारावीं. आणि नांवें लिहिणाऱ्याच्या हातीं फाटकाची किल्ली देऊं नये.

पण मालक सुटतो काय? मे २०२३ मध्यें डेन्मार्कमधील २२ ऊर्जा-कंपन्यांच्या जाळ्यांत हल्लेखोर शिरले. पहिल्या लाटेंतील छिद्र झायक्सेलच्या फायरवॉलांमधलें, याच जातीचें होतें. त्यावरील दुरुस्ती एप्रिलमध्येंच उपलब्ध झाली होती. कांहींचा समज असा कीं, यंत्र नवें म्हणजे तें अद्ययावतच असणार. कांहींस वाटे, दुरुस्ती विक्रेत्यानेंच करावयाची.

आम्हांस हा समज मूळ छिद्राइतकाच घातक वाटतो. पहारा विकत घेतां येतो. जबाबदारी विकत देतां येत नाहीं. दुरुस्ती येतांच ती बसवावी, यंत्राच्या कारभाराचें दार साऱ्या जगास उघडें ठेवूं नये. शिवाय दुरुस्तीनें भोक बुजतें, आंत शिरलेला चोर बाहेर जात नाहीं. म्हणून झडती घ्यावी आणि परवलीचे शब्द बदलावे. ज्यांची माहिती त्या भिंतीआड असते, त्या रुग्णांस व ठेवीदारांस फायरवॉलचें नांवहि ठाऊक नसतें. त्यांचा विश्वास यंत्रावर नसतो, तें ठेवणाऱ्या माणसांवर असतो.