भिंतीवरची रेघ

पुण्याच्या नारायण पेठेत, नदीकडच्या अंगाला, दोन भावांचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं. आतल्या भिंतीवर छातीच्या उंचीला डांबराची आडवी रेघ होती. १२ जुलै १९६१ च्या सकाळी पानशेतचं अर्धवट बांधलेलं धरण फुटलं, त्या लोंढ्यापुढे खालचं खडकवासला धरणही टिकलं नाही आणि दुपारपर्यंत पेठा पाण्यात गेल्या. पाणी ओसरल्यावर चिखलाचा माग जिथवर दिसला, तिथे वडिलांनी ती रेघ ओढली. इंजिनिअर मंडळी अशा खुणेला ‘हाय फ्लड लेव्हल’ म्हणतात आणि पुलाची उंची तिच्यावरून ठरवतात. वडिलांनी तिच्यावरून कागदाची जागा ठरवली. रिमं कायम माळ्यावर.

पुढे भाऊ वेगळे झाले, दुकानात पार्टिशन आलं. धाकट्याने आपल्या बाजूला ऑइलपेंट मारून रेघ घालवली. “गिऱ्हाईक विचारतं, इथे पूर येतो का म्हणून,” तो म्हणायचा. रिमं वर चढवायला हमाल लागे, म्हणून तीही जमिनीवर थप्पीला लागली. थोरला मात्र दर मे महिन्यात रेघ उजळायचा आणि पुठ्ठा, कागद, कापड सगळं माळ्यावर न्यायचा. कंबर धरली तरी.

बरीच वर्षं काहीही झालं नाही. माणूस इथेच फसतो.

मग एका जुलैत रात्री धरणातला विसर्ग वाढला. पहाटे दुकानात गुडघाभर पाणी. धाकट्याची तळातली रिमं फुगून फाटली, वरची थप्पी त्यांवर कोसळली, शाळेच्या वह्यांची सगळी ऑर्डर गेली. थोरल्याचा एक ताव भिजला नाही.

“दादा, पाणी तुझ्या रेघेच्या जवळपासही आलं नाही,” धाकटा म्हणाला.

“नाही आलं. पण रेघ दिसत होती म्हणून मी सामान वर नेलं. तू रेघ पुसलीस, नदीला ते कुठे ठाऊक?”

अशा रेषा आज जलसंपदा विभागाच्या नकाशावर आहेत: साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा लोकांना होडीतून बाहेर काढावं लागलं. नदीकाठी घर बघायला जाल, तर सॅम्पल फ्लॅटच्या आधी तो नकाशा मागा. आणि शेजारच्या जुन्या रहिवाशालाही विचारा, पाणी कुठवर आलं होतं.