परक्या वस्तीतील अध्यापन : दान की ऋण?

शिक्षणशास्त्राची पदवी घेत असतानाच परदेशातील एखाद्या गरीब स्थलांतरित वस्तीत काही आठवडे राहून तेथील मुलांना विनावेतन शिकवण्याची प्रथा पाश्चात्त्य विद्यापीठांत रूढ झाली आहे, आणि तिच्याकडे सहसा निर्विवाद सत्कृत्य म्हणून पाहिले जाते. हे कृत्य नीतिदृष्ट्या कोणत्या कोटीत बसते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. तो न विचारल्यामुळे देणारा कोण आणि घेणारा कोण हे आधीच गृहीत धरले जाते.

डॉमिनिकन प्रजासत्ताकातील 'बातेय', म्हणजे उसाच्या मळ्यांलगत तोडणी मजुरांसाठी वसवलेल्या वस्त्या, या संदर्भात विचारात घेण्याजोग्या आहेत. शेजारच्या हैतीतून आलेल्या मजुरांच्या पिढ्या तेथे राहिल्या. घरात हैतीची क्रेओल भाषा आणि शाळेत स्पॅनिश अशा स्थितीत त्यांची मुले वाढली. अनेकांना जन्मदाखला नाकारला गेला, आणि दाखला नसल्याने एका मुलीला दिवसाची शाळा सोडून प्रौढांच्या रात्रशाळेत बसावे लागल्याची नोंद आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाच्या 2005 च्या निकालात आहे. पुढे 2013 मध्ये त्या देशाच्या संवैधानिक न्यायाधिकरणाने रीतसर निवासाची कागदपत्रे नसलेल्या परदेशी पालकांच्या मुलांचे नागरिकत्व थेट 1929 पासून अमान्य ठरवले. अशा वस्तीत येणारा छात्राध्यापक वाचन आणि अंकगणित शिकवू शकतो. परंतु मुलाला वर्गात बसण्याचा अधिकार देणारा कागद त्याच्या हाती नसतो.

या अध्यापनाला दान मानले, तर भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायातील त्रिविध दानाची कसोटी लागू होते. परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य देशी, काळी आणि पात्री कर्तव्य म्हणून दिलेले दान सात्त्विक. मोबदल्याच्या किंवा फळाच्या हेतूने दिलेले राजस. आणि अवज्ञेने, देशकाळ न पाहता दिलेले तामस. छात्राध्यापकाला सराव पाठांचे गुण, प्रमाणपत्र आणि नोकरीच्या अर्जात लिहिण्याजोगा अनुभव मिळत असेल, तर त्याचे दान निदान अंशतः राजस ठरते. वस्तीची भाषा न शिकता तेथील माणसांना केवळ दयेचे विषय मानणारे अध्यापन तर, हेतू कितीही शुद्ध असला तरी, तामसाच्या जवळ जाते, कारण अवज्ञा शब्दांतूनच प्रकटते असे नाही.

व्हिएन्नात जन्मलेले कॅथलिक धर्मोपदेशक आणि विचारवंत इव्हान इलिच यांनी एप्रिल 1968 मध्ये मेक्सिकोतील क्वेर्नावाका येथे अमेरिकी विद्यार्थी-स्वयंसेवकांसमोर याहून कठोर भूमिका मांडली. लॅटिन अमेरिकेत पाहायला आणि शिकायला यावे, परंतु मदत करायला येऊ नये, असा त्यांचा निष्कर्ष होता. सेवा करायचीच असेल तर ती अशा लोकांमध्ये करावी, जे सेवकाला त्याच्याच भाषेत नकार देऊ शकतील, असेही त्यांनी सुचवले. या युक्तिवादाचे खरे बळ त्याच्या तिखटपणात नसून नकाराच्या अधिकारात आहे. घेणाऱ्याला 'नको' म्हणता येत नसेल, तर देणाऱ्याला आपल्या देण्याची पारख करण्याचा मार्गच उरत नाही.

तथापि इलिच यांचा निष्कर्ष जसाच्या तसा स्वीकारला, तर दूरच्या माणसाविषयीचे उत्तरदायित्वच संपुष्टात येते. येथे ऋणाची संकल्पना अधिक उपयोगी पडते. शतपथ ब्राह्मणानुसार जो जन्मतो तो देव, ऋषी, पितर आणि मनुष्य यांचे ऋण घेऊनच जन्मतो, आणि ऋषिऋण अध्ययनाने फिटते. ही मांडणी करणाऱ्या परंपरेने अध्ययनाचे दार बहुसंख्यांना बंद ठेवले, हे विसरून ती उसनी घेता येणार नाही. पण जन्मापूर्वीच्या देण्याघेण्याचे दायित्व माणसावर असते, हे तिच्यातील मर्म टिकाऊ आहे. बातेयच्या बाबतीत ते केवळ रूपकही नाही. अमेरिकेने हैती 1915 ते 1934 आणि डॉमिनिकन प्रजासत्ताक 1916 ते 1924 या काळात ताब्यात ठेवले. त्याच सुमारास अमेरिकी भांडवलावरील ऊसमळे वाढले आणि त्यांवर हैतीच्या मजुरांची आयात पद्धतशीर झाली. पुढे त्या साखरेचा मोठा ग्राहकही अमेरिकाच ठरला. त्यामुळे तेथे येणारा अमेरिकी छात्राध्यापक एका जुन्या हिशेबाचा वारस म्हणून येतो, आणि मुलांसमोर उभा राहून अध्यापनाची कला शिकत असल्यामुळे त्या ऋणात नवी भरही घालतो.

दाता आपल्या दानाचे स्वरूप आणि मुदत स्वतः ठरवतो. ऋणकोला ती मुभा नसते, कारण काय हवे आणि काय नको हे सांगण्याचा अधिकार धनकोचा असतो. हा क्रम मान्य केला, तर वस्तीतील कायम शिक्षकाच्या हाताखाली काम करणे, येण्यापूर्वी भाषा शिकणे, सराव पाठांसाठी पालकांची संमती घेणे आणि जन्मदाखल्यासाठी झगडणाऱ्या स्थानिक संघटनांना सोयीचे पडेल तेवढेच काम अंगावर घेणे, या गोष्टी सौजन्याच्या न राहता बंधनकारक होतात. एखाद्या वस्तीने छात्राध्यापक नकोतच असे कळवले, तर न जाणे हाही ऋणफेडीचाच प्रकार ठरतो. आणि हा नकार निमूटपणे स्वीकारण्याची तयारी ज्याच्यापाशी नाही, त्याच्या सेवेला सेवा म्हणण्यास नीतिशास्त्रीय आधार उरत नाही.