गेजचं शून्य

आमच्या भजनी मंडळात चर्चा रंगली की कुणीतरी हमखास म्हणतं, सगळे धर्म एकच, नावं तेवढी वेगळी. मग माझ्याकडे वळून, ‘काय बापू, तुमच्या बार आणि पीएसआयसारखंच ना?’ रसायन कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट खात्यात मी उभी नोकरी केली. ही उपमा माझ्या जिव्हाळ्याची आहे, म्हणूनच ती अर्धी सांगितलेली मला सोसत नाही.

अर्धी ती खरी आहे. एकाच वाफेच्या लाइनवर दाब मोजणारे दोन गेज लावा. एक १० बार दाखवेल, दुसरा १४५ पीएसआय. हेल्पर त्यालाच ‘दहा केजी’ म्हणेल आणि ते जवळजवळ बरोबर असेल. कागदावर ते दहा लाख पास्कल. आतल्या वाफेला यातलं काहीच ठाऊक नसतं. गुणाकार केला की काम झालं. विठ्ठल म्हणा, पांडुरंग म्हणा; तिथे हा गुणाकार मला मनापासून मान्य आहे.

पण गुणाकाराने न सुटणारं एक रूपांतर असतं. साधा गेज उघड्या हवेत शून्य दाखवतो. हवेला दाब नाही म्हणून नव्हे. दर चौरस सेंटिमीटरवर किलोभर भार आहेच. त्या भारालाच गेजने शून्य मानलंय. ॲब्सोल्यूट गेज निर्वातापासून मोजतो, म्हणून समुद्रकाठी तो सुमारे १.०१३ बार दाखवतो. इथे बेरीज लागते, आणि किती मिळवायचं ते तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरतं. पूर्ण निर्वाताला साधा व्हॅक्यूम गेज मुंबईत ७६० मिलिमीटर दाखवेल. महाबळेश्वरी त्याच निर्वाताला ६४५च्या आसपास. स्टीम टेबलात सात बारला वाफेचं तापमान १६५ अंश लिहिलेलं असतं. पण ते टेबल ॲब्सोल्यूट दाबाचं. गेजवरचे सात म्हणजे तिथले आठ, आणि वाफ १७० अंशांवर. एकक तेच, आकडा तोच, तरी पाच अंशांचा फरक.

धर्मांचं असंच आहे. माणूस मुळात कुठे उभा आहे? अद्वैत सांगतं, तू मुक्तच आहेस, अज्ञान तेवढं दूर कर. ख्रिस्ती परंपरेत माणसाची सुरुवात पतनापासून होते आणि कृपेवाचून त्याला वर येता येत नाही. बुद्धाने तर ज्याची प्रगती मोजायची तो कायमचा ‘मी’च नाकारला. मोक्ष, तारण आणि निर्वाण यांच्यामध्ये नुसतं बरोबरचं चिन्ह घालणं मला अप्रामाणिक वाटतं.

ज्याचं नाव १९७१मध्ये दाबाच्या एककाला दिलं, त्या ब्लेझ पास्कलचंच पाहा. त्याच्या सांगण्यावरून १९ सप्टेंबर १६४८ रोजी त्याच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने फ्रान्समधल्या प्युई द डोम डोंगरावर पाऱ्याची नळी नेली. शिखरावर पारा तीन इंचांहून जास्त उतरला. खाली मठाच्या बागेत दुसरी नळी होती, एक धर्मगुरू दिवसभर तिच्यावर नजर ठेवून होता. तिथला पारा हलला नाही. याच पास्कलला २३ नोव्हेंबर १६५४च्या रात्री साक्षात्कार झाला. त्या रात्रीचा लेख त्याने अंगरख्याच्या अस्तरात शिवून ठेवला. १६६२मध्ये तो वारल्यावर सापडला. आपला देव अब्राहाम, इसहाक, याकोब यांचा आहे, तत्त्वज्ञांचा नव्हे, असं त्यात आहे. पायथा आणि शिखर एकाच मापाने मोजवणारा हा माणूस आपल्या देवाचं रूपांतर करायला तयार नव्हता. मला तो संकुचित वाटत नाही. आपलं शून्य कुठे आहे हे त्याला माहीत होतं.

धर्मांसाठी ॲब्सोल्यूट गेज आहे का? आपल्याकडे आहे असं प्रत्येक परंपरा सांगते. माझ्याकडे तो नाही. मी माळकरी, माझी मोजणी विटेपासून सुरू होते आणि त्यात मला काही उणं वाटत नाही. पण शेजारच्या डिसोझांची किंवा शेखसाहेबांची मोजणीही तिथूनच सुरू होते, असं परस्पर ठरवणं हा त्यांचा आदर नव्हे. सगळं एकच असं म्हणण्याआधी त्यांच्या धर्मात माणूस कुठून निघतो, तेवढं त्यांच्याच तोंडून ऐकून घ्या.