एकट्याची साक्ष

दहा साक्षीदार एकच गोष्ट सांगत असतां अकरावा निराळें बोलूं लागला, तर त्यास खोटा ठरविण्याकडे आपल्या मनाचा कल होतो. व्यवहारांत हें बहुधा खपून जातें. पण जी घटना स्वभावतःच विरळ, तिला साक्षीदार एकटाच असावयाचा. त्याचें काय करावें?

उत्तरध्रुवाकडील गतकालीन हवामानाच्या संशोधनांत हा प्रश्न आम्हांस फार स्पष्टपणें दिसतो. १८७९ सालीं सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेलें ‘जीनेट’ जहाज त्याच वर्षीं बर्फांत अडकलें आणि १८८१ च्या जूनमध्यें चिरडून बुडालें. ३३ जणांपैकीं २० दगावले. कप्तान डी लाँगही सैबेरियाच्या किनाऱ्यावर अन्नावांचून मेला. पण जहाजाच्या नोंदवह्या त्या मंडळींनीं बर्फावरून ओढीत किनाऱ्यापर्यंत आणल्या होत्या, म्हणूनच त्या मागाहून हातीं लागल्या. त्यांत वायुभार, उष्णमान व वारा यांच्या नोंदी आहेत.

अशा जुन्या वायुभारांवरून शास्त्रज्ञ आज गणकयंत्राच्या साह्यानें त्या त्या दिवसाचे वायुप्रवाह पुन्हा मांडतात. ग्रीनलंडकडे भार कमी व त्याच्या पूर्वेस अधिक असला, म्हणजे अटलांटिकवरील उबदार, दमट हवा दोहोंमधून उत्तरेस शिरते. ऐन हिवाळ्यांतील अवचित उबेचें एक कारण असें उलगडतें. नैयायिकांच्या भाषेंत हें शब्दप्रमाणावर उभारलेलें अनुमान होय. मात्र यंत्राच्या अंदाजापासून फार दूर पडणारी नोंद चूक समजून वगळण्याची रीत आहे. ती अवश्यही आहे. बधिर बोटांनीं लिहिलेला आंकडा चुकूं शकतो. पण अतिरेक शोधावयास निघालेल्यानें अतिरेकाची नोंदच टाकून द्यावी, हा न्याय कोणता?

आमच्या मतें साक्षीदाराची पारख त्या एका दिवसावरून करूं नये. ज्या दिवशीं कांहींच घडलें नाहीं, त्या दिवशीं त्यानें काय लिहिलें तें पाहावें. आळशी मनुष्य कालचाच आंकडा आज उतरवितो, आणि ही लबाडी वहींतच उघडी पडते. शेंकडों नीरस दिवस ज्यानें प्रामाणिकपणें नोंदले, त्याचें विलक्षण दिवसाचें बोलणें निदान ऐकून घेतलें पाहिजे.

या पुनर्रचनेंतील एक गोष्ट आम्हांस विशेष आवडली. अशा एका प्रसिद्ध उपक्रमांत एकाच दिवसाचें गणित ८० वेळां मांडतात. साक्षी पुष्कळ, तेथें उत्तरें जुळतात. साक्षी विरळ, तेथें तीं विखुरतात, आणि तो विखुरलेपणा आंकड्यांबरोबरच प्रसिद्ध केला जातो. नकाशा पाहणारा मात्र बहुधा सरासरीच पाहतो.