तुले माहीत व्हतं का?

मिरचीच्या दिवसांत आमच्या रनाळ्याच्या हवेत एक ठसका असतो. बाहेरगावचा पाहुणा शिंकून शिंकून हैराण होतो, आम्हाला तो जाणवतही नाही. 2001 च्या डिसेंबरातली ही गोष्ट. मी आठवीत होतो. विज्ञान प्रदर्शन तोंडावर आलं होतं आणि मी रॉकेट करायला घेतलं होतं.

दारूचं नाही, पाण्याचं. लग्नघरातून आणलेली कोल्ड्रिंकची दोन लिटरची रिकामी बाटली. तिच्यात तिसरा हिस्सा पाणी, तोंडाला जुन्या चपलेच्या रबराचं बूच, बुचातून आरपार काढलेला सायकलच्या ट्यूबचा वाल्व. बाटली उलटी उभी करायची आणि पंपानं हवा भरत राहायचं. दाब वाढला की बूच निसटतं, पाणी खाली फेकलं जातं, बाटली वर जाते. बाकीची पोरं अशा बाटलीला मागच्या बाजूला पुठ्ठ्याचे तीन पंख लावायची. मला सगळ्यांपेक्षा वेगळं करायचं होतं. मी पंख पुढे लावले, अगदी नाकाजवळ. जुन्या एक्स-रेच्या फिल्मचे, काळेभोर, गरुडानं पसरावेत तसे. दिसायला असं झकास, की रात्री उशाशी घेऊन झोपलो.

शाळेच्या वाचनालयातल्या एका पुस्तकात चाचणी दिलेली होती. रॉकेट दोरीला टांगून ते आडवं तोललं जाईल ती जागा शोधायची. तो त्याचा गुरुत्वमध्य. तिथंच दोरी पक्की बांधून रॉकेट डोक्यावर गरगर फिरवायचं. नाक पुढे ठेवून फिरलं तर ते स्थिर. शेपूट पुढे आलं किंवा गटांगळ्या खाल्ल्या, तर अस्थिर. कारण सोपं आहे. वाऱ्याचा जोर जिथं एकवटतो ती जागा गुरुत्वमध्याच्या मागे पाहिजे, निदान रॉकेटच्या जाडीइतकी. मग रॉकेट जरा कलंडलं, तरी वाराच त्याची शेपूट मागे ढकलून त्याला सरळ करतो. ती जागा पुढे आली, तर तोच वारा त्याला आणखी कलंडवतो. भिल्लांचा बाण पाहा. लोखंडी पातं पुढे, पिसं मागे. तसला तीरकामठा आमच्या गावात कितीतरी घरांत भिंतीला टांगलेला असायचा आणि मी तो रोज बघत होतो.

खळ्यात जाऊन मी रॉकेट फिरवलं. दुसऱ्याच फेरीला ते वळलं आणि शेपूट पुढे करून फिरू लागलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा तेच. उपाय पुस्तकातच होता: पंख मागे न्या, नाकात थोडी ओली माती भरा. पण मग माझा गरुड कुठला राहणार? तिसऱ्या खेपेला मी नाक पुढे धरून हातानंच जोराचा हिसका दिला. दीड फेरी ते नाकासमोर गेलं. वळायच्या आत मी दोरी खेचून घेतली. वहीत लिहिलं, 'चाचणी यशस्वी'. खळ्यात दुसरं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गावाबाहेरच्या मोकळ्या रानात पोरं जमली. पलीकडे मिरचीची पथारी होती. लाल मिरची वाळत पडलेली आणि कडेला बायका देठ खुडत बसलेल्या. बूच सुटलं. रॉकेट पुरुषभर वर गेलं, तिथंच वळलं आणि आडवं होऊन थेट पथारीकडे सुटलं. फिल्मची धार एका मावशीच्या भुवईवर लागली. जखम तशी मोठी नव्हती. पण रक्त आलं म्हणून तिनं हात डोळ्याकडे नेला, आणि तो हात दिवसभर मिरची खुडत होता.

तिचं ओरडणं मला अजून ऐकू येतं.

माय धावत आली. गार पाण्यानं डोळा धुतला, दुधाचा बोळा ठेवला. मावशी कण्हत होती आणि कण्हता कण्हताच मायला म्हणाली, "जाऊ दे वं बाई, पोऱ्या शे. चुकी जास."

रात्री चुलीपुढे मायनं एकच विचारलं, "तुले माहीत व्हतं का?"

मी म्हणालो, "नही."

मारायला पाहिजे होतं तिनं. मारलं नाही.

आमचे आबा दर वर्षी पेरणीआधी घरच्या बियाण्याची उगवण बघायचे. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, काही दिवसांनी उघडून मोड मोजायचे. मोजताना मी एखादा अर्धामुर्धा फुगलेला दाणा 'उगवलेल्यां'त टाकला, की ते तो उचलून बाजूला ठेवत. म्हणत, "इथं वाढवून मोजला तर वावरात उगवणार आहे का तो?" आबा स्वतः धोका पत्करत नव्हते असं नाही. पावसाआधी कोरड्या मातीत धूळपेरणी करायचे, कधी बियाणं वायाही जायचं. पण बियाणं त्यांचं, वावर त्यांचं, उपासही त्यांचाच. माझ्या धोक्याची किंमत मात्र मावशीच्या डोळ्यानं भरली. धाडस आणि बेपर्वाई यांच्यातला हा फरक मला फार उशिरा कळला: बुडालं तर कुणाचं बुडणार, हे आधी विचारायचं.

पुढे कॉलेजात असताना 10 ऑगस्ट 1979 ची हकिगत वाचली. श्रीहरिकोट्याला एसएलव्ही-3 उडायच्या बेतात होतं आणि संगणकानं उलटी मोजणी थांबवली. मोहिमेचे प्रमुख अब्दुल कलाम होते. तज्ज्ञांनी आकडेमोड करून हरकत नाही म्हटलं, कलामांनी संगणकाला बाजूला सारून उड्डाण करवलं आणि यान बंगालच्या उपसागरात पडलं. पत्रकारांपुढे इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन गेले. अपयशाची जबाबदारी त्यांनी स्वतःवर घेतली. 18 जुलै 1980 ला यश आलं, तेव्हा त्यांनी कलामांना पुढे केलं. कलाम हे पुढे भाषणांतून सांगत राहिले, त्यातला स्वतःचा निर्णयसुद्धा.

वाचताना वाटलं, चाचणीचा 'नको' ओलांडण्यात त्यांची आणि माझी गोष्ट एकच. पण नाही. त्यांनी 'नको' ऐकलं, चारचौघांत तोललं, चुकीचं तोललं आणि मग ते कबूल केलं. ती चूक. मी 'नको' ऐकलं आणि त्याच्या जागी वहीत 'हो' लिहिलं. त्याला चूक म्हणता येत नाही.

मावशीचा डोळा वाचला. आठवड्याभरात ती पुन्हा देठ खुडायला बसली. भुवईवर मात्र एक पांढरी रेघ राहिली. बाजारात भेटली की हसून विचारायची, "काय रे, इमान उडनं का?" मीही हसायचो. तिनं माफ केलं होतं ते चुकीला. मी केलं ते दुसरंच होतं, आणि त्याची माफी मी तिच्याकडे कधी मागितलीच नाही. मागायला गेलो असतो तर आधी खरं सांगावं लागलं असतं.

आता मावशी नाही. मायही नाही. मायच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून हे लिहिलं.

व्हतं, माय. माले माहीत व्हतं.