मघाशी का आत्ता?

चार बाटल्या आणि चार जाड लोकरी मोजे. ब्लाइंड टेस्टिंगसाठी आमच्याकडे एवढंच साहित्य होतं. स्पेनमधल्या झारागोझा शहरात शिकत असताना एका शनिवारी रात्री आम्ही पाच जणांनी हा खेळ मांडला. प्रत्येक बाटली एका मोज्यात, मोज्यावर चिकटपट्टी, पट्टीवर आकडा. एकाने फक्त ओतायचं. बाकी चौघांनी चव घ्यायची, फोनवर दहापैकी मार्क लिहायचे आणि शेवटी मोजे काढायचे.

चारही रेड वाइन, चारही ब्लेंड, म्हणजे एकाहून जास्त जातींच्या द्राक्षांचं मिश्रण. मी दोन नंबरच्या बाटलीला आठ मार्क दिले. खाली लिहिलं, ‘स्ट्रॉबेरी, थोडी मिरी, सहज उतरते.’ चार नंबरला दिले सहा. तिच्याखाली लिहिलं, ‘जड. तोंड कोरडं पडतंय.’

मोजे निघाले. दोन नंबर होती कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटमधली, गार्नाचा आणि टेम्प्रानियो या द्राक्षांची. किंमत साडेतीन युरो. चार नंबर होती प्रिओरातची, गार्नाचा आणि कारिन्येनाची. तिचे चोवीस युरो आम्ही वर्गणी काढून भरले होते.

आणि मी लगेच म्हणालो, “नाही पण, चारमध्ये एक डेप्थ आहे. दोन तशी साधीच.”

माझा रूममेट लातूरचा. त्याने माझा फोन उचलला, मार्क वाचले आणि शांतपणे विचारलं, “मग खोटं कधी बोललास? मघाशी का आत्ता?”

सगळे हसले, मीही हसलो. पण हा प्रश्न वाइनपुरता नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. गाणं, सिनेमा, कविता, शर्ट, कॉफी, सगळीकडे मी हेच करत आलो होतो. आधी नाव पाहायचं, मग आवडून घ्यायचं.

माझ्या बचावासाठी विज्ञान उभं राहू शकतं. २००८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी २० जणांना एमआरआय यंत्रात झोपवून नळीतून वाइन पाजली. एकच वाइन त्यांना दोनदा दिली, एकदा कमी किंमत सांगून आणि एकदा जास्त. किंमत जास्त सांगितली तेव्हा लोकांना वाइन जास्त आवडली. एवढंच नाही, तर सुखद अनुभवाशी जोडलेला मेंदूचा एक भागही जास्त सक्रिय झालेला दिसला. म्हणजे ती माणसं शिष्टपणा करत नव्हती. त्यांना खरोखरच जास्त मजा येत होती. चव फक्त जिभेवर नसते. अपेक्षा, आठवण, सोबत, ग्लासचा आकार, सगळं तिच्यात मिसळतं.

मग मीही खोटं बोललो नसेन. किंमत कळल्यावर चार नंबर मला खरंच जास्त आवडली असेल.

अडचण एवढीच, की मोजा निघाल्यावर मी दुसरा घोट घेतलाच नव्हता.

मत बदललं ते जिभेने नाही. मला लाज वाटली होती. चोवीस युरोंची वाइन मला ‘जड’ लागली आणि साडेतीनची आवडली, यातून मी कोण ठरतो, याची लाज. ही लाज कुठून येते तेही मला माहीत आहे. आमच्या घरी दारू म्हणजे दारू. पण गावात तिच्यातही पायऱ्या होत्या. देशीची क्वार्टर घेणारा बेवडा, आणि पायवाला ग्लास फिरवणारा शौकीन. पीत दोघंही दारूच. एकाच्या पिण्याला आपण व्यसन म्हणतो, दुसऱ्याच्या पिण्याला संस्कृती. जानेवारी २०२२मध्ये महाराष्ट्र सरकारने मोठ्या दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा वाइन म्हणजे दारू नव्हेच, असाही युक्तिवाद झाला. वाइनमध्ये साधारण १२ ते १५ टक्के अल्कोहोल असतं, ते युक्तिवादाने उडून जात नाही. पण त्या वादात एक गोष्ट उघड झाली. किंमत आणि पेला बदलला, की आपण पिणाऱ्याचं चारित्र्यही बदलून टाकतो. मोजे निघाल्याबरोबर मी घाईघाईने वरच्या पायरीवर चढलो, तो या भीतीने.

इथे दुसरी पळवाट समोर येते, आणि ती जास्त आकर्षक आहे. आमच्यातल्या एकीने त्या रात्री तीच घेतली. “सगळं थोतांड आहे रे. वाइन ती वाइन. महागड्या बाटल्या म्हणजे श्रीमंतांना गंडवायचा धंदा.” तिच्या बाजूनेही पुरावा आहे. २००८मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६,०००हून जास्त ब्लाइंड टेस्टिंगच्या नोंदी तपासल्या होत्या. सामान्य लोकांना महाग वाइन जास्त आवडत नाही, उलट किंचित कमीच आवडते, असं त्यात दिसलं. पण त्याच अभ्यासात पुढे असंही आहे, की वाइनचं प्रशिक्षण घेतलेल्यांमध्ये कल उलट्या दिशेने जाताना दिसतो. म्हणजे सरावाने जिभेला काहीतरी कळू लागतं. ‘सगळं थोतांड’ म्हणणाराही घोट न घेताच निकाल देत असतो. फक्त त्याची भीती वेगळी असते. मला अडाणी ठरायची भीती होती, त्याला फसवलं जाण्याची असते.

या दोघांच्या मधली वाट मला एका स्पॅनिश गोष्टीत सापडते. ‘दोन किहोते’च्या १६१५ साली आलेल्या दुसऱ्या भागात सांचो पान्सा आपल्या दोन नातेवाइकांची फुशारकी मारतो. दोघांना एका पिंपातली वाइन पारखायला दिली. एक म्हणाला, हिला लोखंडाची चव आहे. दुसरा म्हणाला, चामड्याची. मालक म्हणाला, पिंप स्वच्छ आहे, असलं काही नाही. पुढे पिंप रिकामं झालं, तेव्हा तळाशी एक छोटी किल्ली सापडली, चामड्याच्या वादीला बांधलेली. १७५७मध्ये डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने रुचीवरच्या आपल्या निबंधात हीच गोष्ट वापरली. त्याच्या हातून ती थोडी बदलली आणि पारख्यांना हसणारे लोकही तिच्यात आले, पण किल्ली तीच राहिली.

मला या गोष्टीत आवडतं ते असं, की दोघांनी किल्ली दिसण्याच्या आधी तोंड उघडलं. मालक नाही म्हणत होता, तरी जिभेला लागलं ते त्यांनी सांगितलं. आणि दोघांची मतं वेगळी असूनही दोघं बरोबर निघाले, कारण पिंपात खरंच काहीतरी होतं. ‘मला आवडली’ हे विधान माझ्यापुरतं आहे, त्यावर वाद नाही. ‘ही चांगली आहे’ किंवा ‘हिच्यात डेप्थ आहे’ हे विधान मात्र बाटलीबद्दल आहे. ते करणाऱ्याने किल्ली शोधायची तयारी ठेवायला हवी. किल्ली न सापडल्यास विधान मागे घ्यायचीही.

आमच्या चार बाटल्यांत अशा किल्ल्या होत्या. टेम्प्रानियो हे नाव ‘लवकर’ या अर्थाच्या स्पॅनिश शब्दावरून आलंय, कारण हे द्राक्ष लवकर पिकतं. गार्नाचाची साल पातळ, तिला ऊन आणि कोरडी हवा मानवते. तिच्यात साखर भरपूर होते, म्हणून अल्कोहोल चढं आणि फळाचा वास ठळक. कारिन्येना आंबट आणि तुरट. ग्रासियानो थोडंच घालतात, वासासाठी आणि आंबटपणासाठी. ब्लेंड करणारा एकीची उणीव दुसरीने भरून काढतो. आपल्याकडे वरणाला चिंच आणि गूळ दोन्ही लागतात, तसं. माझी ‘स्ट्रॉबेरी’ ही गार्नाचाची किल्ली होती. माझं ‘तोंड कोरडं पडतंय’ हीसुद्धा किल्लीच होती, तुरटपणाची. दोन्ही नोंदी बरोबर होत्या. त्यांची लाज वाटायचं काही कारण नव्हतं.

किमतीतही काही किल्ल्या असतात. रिओहा भागात ‘क्रिआन्सा’ लिहिलेली रेड वाइन विकण्याआधी किमान दोन वर्षं ठेवावी लागते, त्यातलं किमान एक वर्ष ओकच्या पिंपात. ओक महाग आणि थांबणंही महाग. प्रिओरातमध्ये स्लेटच्या खडकाळ, उभ्या उतारांवर जुन्या वेलींना थोडीच द्राक्षं लागतात, आणि ती बहुतेक हाताने तोडावी लागतात. चोवीस युरोंत ही मजुरी आहे. पण मजुरी, वेळ, दुर्मीळता आणि नाव यांची बेरीज म्हणजे चव नव्हे. किंमत सांगते की ही बाटली बनवायला आणि विकायला काय लागलं. मला काय लागलं, ते मीच सांगायचं असतं.

ते खरं न सांगण्याने काय बिघडतं? एका टेबलावर काहीच नाही. पण अशी टेबलं लाखो असतात. गार्नाचा बराच काळ ‘हलकं’ द्राक्ष मानलं जात होतं, मोठ्या प्रमाणावर स्वस्त वाइन काढायचं, कष्टाळू पण बिनप्रतिष्ठेचं. रिओहात तिच्या जागी टेम्प्रानियो लावली गेली. स्पेन १९८६ साली युरोपीय समुदायात गेला. जादा उत्पादन कमी करण्यासाठी तिथे वेली उपटायला अनुदान मिळायचं. जुनी, कमी फळ देणारी झाडं उपटणं शेतकऱ्याला सोयीचं होतं. अनेक दशकं जगलेल्या गार्नाचाच्या वेली त्यात गेल्या. साधारण त्याच सुमारास प्रिओरातमध्ये काही जणांनी तशाच जुन्या गार्नाचा आणि कारिन्येनापासून नव्या वाइन बनवायला घेतल्या आणि त्या जगभर गाजल्या. मग इतरत्र उरलेल्या जुन्या वेलींकडेही लोक आदराने पाहू लागले. द्राक्षं तीच होती. ती आवडूनही ‘तशी साधीच’ म्हणणारी माणसं मधल्या काळात किती होऊन गेली असतील? बाजार अशीच वाक्यं ऐकून काय ठेवायचं आणि काय उपटायचं ते ठरवतो. उपटलेली साठ वर्षांची वेल परत आणायला साठ वर्षं लागतात.

रविवारी दुपारी दोन्ही बाटल्यांत थोडी थोडी वाइन उरली होती. रूममेट झोपला होता. मी दोन ग्लास घेतले आणि या वेळी खरंच घोट घेतला. रात्रभर हवा लागून प्रिओरातचा तुरटपणा बराच निवला होता. मागून सुक्या अंजिरासारखं काहीतरी येत होतं, आणि ते गिळल्यावरही बराच वेळ राहत होतं. साडेतीन युरोंवाली मात्र मिटली होती. स्ट्रॉबेरी गेली, नुसता गोडसर फिकेपणा उरला. गार्नाचाला हवा फारशी सोसत नाही.

म्हणजे चारमध्ये डेप्थ होतीच की! आदल्या रात्रीचं माझं वाक्य बरोबर निघालं. तरी ते खोटंच होतं. वाइनबद्दल ते चुकीचं नव्हतं, पण ‘हे मी चाखलंय’ असा जो दावा त्यात लपला होता, तो खोटा होता. आणि रविवारी मी तेच शब्द पुन्हा म्हणालो असतो, तर ते खरे ठरले असते. खरं बोलणं म्हणजे बरोबर उत्तर देणं नाही, हे मला त्या उष्ट्या ग्लासांनी शिकवलं.

फोनवर चार नंबरसमोर मी साडेसात लिहिले आणि दोन नंबरसमोर पाच. आदल्या रात्रीचे सहा आणि आठ खोडले नाहीत. त्यांच्याशेजारी फक्त वार टाकला.

रूममेट उठल्यावर त्याला सांगितलं, “आत्ता.”

“काय आत्ता?”

“काल तू विचारलंस ना, खोटं कधी बोललो? मोजा काढल्यावर.”

त्याने उरलेली प्रिओरात स्वतःच्या ग्लासात ओतली, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. “मला अजूनही नाही आवडत,” तो म्हणाला.